पत्र्याखालची कोंबडी

‘उन्हानं कोंबड्या मेल्या’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ऊन काय आजचं आहे? आमच्या मराठवाड्यात चैत्र-वैशाख तापायचेच. आईच्या कोंबड्या त्याच उन्हात अंड्यांवर बसल्या, पिल्लं घेऊन उकिरड्यावर हिंडल्या. आता मे महिन्यात दुपारी तीन वाजता कुणाच्याही परसात डोकावून बघा. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी पत्रा, आत दहा-बारा कोंबड्या. चोची उघड्या, पंख अंगापासून लांब धरलेले, गळा लकलक हलतोय. संध्याकाळी दार उघडलं की एखादी आडवी झालेली असते. दोष मात्र उन्हाला!

ऊन वाढलंय, हे मला कबूल आहे. पण वाढत्या उन्हात जनावराला पत्र्याच्या डब्यात कोंडायचं कुणी सांगितलं?

कोंबडीला घाम येत नाही, एवढी साधी गोष्ट आधी लक्षात घ्या. तिचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. एरवी ती तुऱ्यातून, गलोलातून, पंखांखालून उष्णता हवेत सोडते. पण हवाच ४१-४२ वर गेली की सोडणार कुठं? मग धापा टाकून तोंडातली ओल उडवायची, हा एकच मार्ग उरतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : पोटात पाणी आणि अंगावरून जाणारी वाऱ्याची झुळूक. पत्र्याच्या खोक्यात वारा नसतो, आणि पत्र्याच्याच पन्हाळीतलं पाणी दुपारपर्यंत चहाचं आधण होतं. ते ती पिणार कशी?

नुसती मरते तेव्हाच नुकसान होतं असंही नाही. सारखी धाप लागली की रक्ताचा तोल बिघडतो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. ती खाते कमी, घालते कमी. अंड्याचा पैसा हा घरातल्या बाईचा पैसा. तेल-मीठ, पोराची वही, माहेरी जायचं एसटीचं तिकीट यातूनच निघतं. तो कुणापुढं हात पसरून मागावा लागत नाही. म्हणून कोंबडी मेली की बाप्या ‘एक कोंबडी तर गेली’ म्हणून मोकळा होतो, आणि बाई दोन दिवस गप्प राहते.

आईचं खुराडं घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून होतं. मातीच्या जाड भिंती, वर तुराट्या, त्यावर कडबा. उन्हाळ्यात दुपारी कोंबड्या तिथंही नसायच्या. लिंबाखालची माती उकरून, धुळीत अंग घासत पडलेल्या असायच्या. आई सकाळी दिवस वर यायच्या आत दाणे टाकायची, नंतर थेट उन्हं कलल्यावर. मधे कुणी मूठभर टाकायला गेलं तर ओरडायची, ‘‘आरं, आता नगं. पोट तापतं त्यांचं.’’ पचनानं अंगात उष्णता तयार होते, हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. लिंबाच्या बुडाशी मातीचं परळ, दिवसातून तीनदा पाणी बदललेलं. एवढाच तिचा कारभार.

काही वर्षांपूर्वी गावातल्या बायकांना कोंबड्यांबरोबर पत्र्याचे पिंजरेही वाटले गेले. फोटो निघाले, भाषणं झाली. पिंजरा कुठं ठेवायचा, त्यावर काय टाकायचं, हे सांगायला कुणी थांबलं नाही. मी शेजारच्या काकूंना म्हणालो, ‘‘काकू, सावलीत तरी ठेवा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, सावली हाय कुठं? लिंब तर रस्त्यात गेला.’’ यावर मी काय बोलणार? खरी गोष्ट हीच आहे. आधी झाड तोडायचं, मग फरशी टाकायची, मग पत्रा आणायचा आणि शेवटी कोंबडी नाजूक निघाली म्हणायचं!

पत्र्याच्या बाजूनं बोलणारे सांगतात, कडब्यात साप-विंचू होतात, पिसवा होतात, दरसाल शाकारणी कोण करणार? शिवाय मुंगूस आणि बोका आहेतच. हे खोटं नाही. मग पत्रा राहू द्या, पण त्याला उघडा ठेवू नका. वरून चुन्याचा हात मारा. पाचट, कडबा, पऱ्हाट्या, जे मिळेल त्याचा वीतभर थर टाका. बाजूचे पत्रे काढून जाळी लावा, मुंगूस जाळीनंही अडतं. पिंजऱ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं आत घुसत नाहीत. खाली भुसा जाड अंथरला असेल तर उन्हाळ्यापुरता पातळ करा. जाळीवर ओलं गोणपाट टाकायचं तर वाऱ्याच्या बाजूनंच टाका. चारी बाजूंनी गुंडाळलंत तर आत दमट कोंडतं, धापेनंही अंग निवत नाही, आणि कोंबडी लवकर मरते. पाणी मातीच्या परळात द्या, एका ऐवजी दोन-तीन परळं ठेवा, म्हणजे दांडगी कोंबडी दुसरीला हुसकावून लावणार नाही. यातल्या कशाला मोठा खर्च आहे?

शहरातल्या हौशी मंडळींनाही एक सांगतो. ताज्या अंड्यांसाठी तुम्ही गच्चीवर पिंजरा ठेवता. गच्चीचा स्लॅब खालून भाजतो, पत्रा वरून. स्वतःच्या खोलीत कूलर लावून झोपताना वर काय शिजतंय, याचा विचार करा. सावली देता येत नसेल तर कोंबडी पाळू नका, अंडी दुकानात मिळतात.

आणि परसात एक लिंब लावा. तो मोठा व्हायला वर्षं लागतील, म्हणून तर यंदाच्या पावसातच लावायचा.

तोवर एक करा. दुपारी दोन वाजता पिंजऱ्यात हात घाला, वरच्या पत्र्याच्या जवळ धरा आणि शंभरपर्यंत आकडे मोजा. आकडे पुरे व्हायच्या आत हात बाहेर आला, तर मागोमाग कोंबडीलाही बाहेर काढा.