पेंडींतील विष

‘माणसाला नको, तें गुराला चालेल’ या समजुतीनें बुरसलेली पेंड कारेगांवच्या गोठ्यांत जात असेल, तर ती परत माणसाकडेच येते, हें आम्हांस सांगणें प्राप्त आहे. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी मेले. दोष भुईमुगाच्या बुरसलेल्या पेंडींत निघाला. अफ्लाटॉक्सिन नांवाचें तें विष गाईच्या दुधांत उतरतें व दूध तापविल्यानें जात नाहीं. म्हणजे वखारींतील ओल अखेर लेंकराच्या वाटींत! शिरूर-दौंडच्या व्यापारीबंधूंनीं माल कोरडा ठेवावा, प्रयोगशाळेंत तपासून मगच विकावा. गिऱ्हाइकांनींही भावाआधीं तपासणीचा दाखला मागावा. यांत अविश्वास नाहीं. हाच चोख व्यवहार होय.