असं का होतं? : उंचवट्यावर लपलेली हवा



या आठवड्याच्या टपालात शहादा तालुक्यातल्या एका सातवीतल्या मित्राचं पत्र आहे. तो लिहितो, "माझी आत्या इंग्लंडला राहते. ती फोनवर सांगत होती, की तिकडं कडाक्याची थंडी आहे आणि घरातला रेडिएटर खाली गरम, पण वर गारच लागतो, कारण त्यात हवा अडकलीय. मला काहीच कळलं नाही. रेडिएटर तर आमच्या ट्रॅक्टरला आहे. आत्याच्या घरात तो कशाला? आणि हवा अडकते म्हणजे काय होतं?"

पत्र वाचून हसू आलं, पण प्रश्न मोठा झकास आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमध्ये जितकं आहे, तितकंच आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शेताशेतांत आहे.

आधी आत्याच्या घराचं बघू. आपल्याकडे थंडी पडली की शेकोटी पेटवली, घोंगडी पांघरली, की भागलं. अगदी तोरणमाळलाही डिसेंबर-जानेवारीत असंच चालतं. पण ज्या देशांत महिनोन् महिने बोचरी थंडी असते, तिथं घरच गरम ठेवावं लागतं. घरात एका जागी बॉयलर असतो. त्यात पाणी तापतं. एक छोटा पंप ते पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरवतो. प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी पत्र्याची एक पोकळ, चपटी पेटी लावलेली असते. गरम पाणी तिच्यातून फिरतं, पेटी तापते, खोली ऊबदार होते आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे जातं. ही पेटी म्हणजे रेडिएटर. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात फ्रांत्स सान गाली नावाच्या कारखानदारानं १८५० च्या दशकात असे रेडिएटर बनवले, असं मानलं जातं.

ट्रॅक्टरचा रेडिएटर याचाच भाऊ. फरक इतकाच, की घरातल्या रेडिएटरची उष्णता आपल्याला हवी असते आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाची आपल्याला नको असते. दोन्हीकडे काम एकच : पाण्यानं आणलेली उष्णता हवेत सोडून द्यायची.

आता हवा अडकते कशी, ते पाहू.

पाण्यापेक्षा हवा सुमारे आठशे पटीनं हलकी. त्यामुळं पाण्यात सापडलेली हवा वर वर पळते आणि जिथं पुढं वाट नाही अशा सगळ्यांत उंच कोपऱ्यात जाऊन बसते. रेडिएटरमध्ये हा कोपरा म्हणजे पेटीचा वरचा भाग. तिथं हवा ठाण मांडून बसली, की गरम पाणी वर पोचतच नाही. म्हणून आत्याचा रेडिएटर खाली गरम, वर गार!

पण बंद नळ्यांत ही हवा येते कुठून? थोडी तर पाणी भरताना आत राहिलेली असते आणि थोडी पाण्यातच विरघळलेली असते. खोटं वाटतं? चुलीवर पातेल्यात पाणी ठेवा आणि नीट बघा. पाणी उकळायच्या कितीतरी आधी पातेल्याच्या तळाला बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ती वाफ नव्हे, ती पाण्यातून बाहेर पडणारी हवा. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण १८-१९ मिलिलिटर हवा विरघळलेली असते. म्हणजे जवळजवळ चार छोटे चमचे! पाणी तापलं, की त्यातली बरीचशी बाहेर येते.

इलाज अगदी सोपा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक स्क्रू असतो. बॉयलर बंद करायचा, पाणी गार होऊ द्यायचं. स्क्रूखाली फडकं धरायचं आणि छोट्या किल्लीनं तो अर्धा फेरा सैल करायचा. सूंऽऽ असा आवाज करत हवा बाहेर पडते. मग थोडी फुरफुर होते, आणि शेवटी पाण्याची सलग धार लागली, की स्क्रू पुन्हा घट्ट! हवा गेल्यानं आतला दाब थोडा कमी होतो. म्हणून बॉयलरच्या काट्याकडे बघून लागेल तेवढं पाणी आणखी घ्यायचं. आणि रेडिएटर उलटा, म्हणजे वर गरम पण खाली गार लागला तर? मग दोष हवेचा नाही, तळाला साठलेल्या गंजाच्या गाळाचा. कसं ओळखायचं, ते कळलं ना? हलकी हवा वर, जड गाळ खाली.

चला, आता इंग्लंडहून परत येऊ या आपल्या सातपुड्याकडे.

समजा, डोंगरातल्या झऱ्याजवळ पाण्याची टाकी आहे आणि खाली पाड्यावर नळ आहे. टाकी नळापेक्षा ६ मीटर उंच आहे. मध्ये पाइप टाकलाय. पण डोंगरउताराची जमीन काही शाळेच्या फळ्यासारखी सपाट नसते. पाइप खाली जातो, एका उंचवट्यावर चढतो, पुन्हा उतरतो. असे दोन-दोन मीटरचे तीन उंचवटे वाटेत आहेत. तिन्ही टाकीपेक्षा खालीच आहेत. रिकाम्या पाइपात वरून पाणी सोडलं. ते पहिला उंचवटा चढलं, पलीकडे ओघळलं आणि खालच्या खोलगट भागात साठलं. झालं! उंचवट्याच्या पलीकडच्या उतारात हवा कोंडली गेली. तिला मागं जायला वाट नाही, पुढंही जायला वाट नाही. दुसऱ्या उंचवट्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच.

आता हिशेब करा. टाकीची उंची ६ मीटर म्हणजे पाण्याच्या खिशात ६ रुपये आहेत असं समजा. २ मीटर चढायला २ रुपये लागतात. पाइप पाण्यानं पूर्ण भरलेला असेल, तर उतारावरचं पाणी आपल्या वजनानं पुढं ढकलतं आणि ते २ रुपये परत मिळतात. पण उतारात पाण्याऐवजी हवा असेल तर? हवेला वजन जवळपास नाहीच. ती एक पैसाही परत देत नाही. पहिल्या चढाला २ गेले, दुसऱ्याला २ गेले, तिसऱ्याला २ गेले. खिसा रिकामा! टाकी काठोकाठ भरलेली, पाइप कुठंही फुटलेला नाही, आणि तरी पाड्यावरचा नळ कोरडा ठणठणीत!

अशा वेळी लोक काय म्हणतात? "पाइप चोंदलाय." "वरच्यांनी पाणी तोडलं." कधी कधी यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणंसुद्धा होतात. आणि खरा गुन्हेगार तीन उंचवट्यांवर चूप बसलेला असतो.

त्याला पकडायचं ते रेडिएटरच्याच युक्तीनं. पाइप टाकतानाच प्रत्येक उंचवट्यावर एक छोटा कॉक बसवायचा. पाणी हळूहळू सोडायचं. टाकीकडून सुरुवात करून एकेक कॉक उघडायचा. फुरफुर थांबून सलग पाणी आलं, की तो बंद करायचा आणि पुढच्याकडे जायचं.

दर वेळी माणूस तिथं जाणार कसा? म्हणून मोठ्या पाइपलाइनवर आपोआप चालणारा एअर व्हॉल्व्ह बसवतात. शहादा-तळोद्याकडच्या केळी-पपईच्या शेतात ठिबकच्या मुख्य पाइपावर डोकं वर काढलेली एक काळी टोपी दिसते ना, तीच ही. त्याच्या एका साध्या प्रकारात एक तरंगणारा गोळा असतो. आत हवा असली की गोळा खाली बसतो, वरचं भोक उघडतं आणि हवा निसटते. पाणी आलं, की गोळा तरंगत वर येतो आणि भोकाला बूच लावतो. ना वीज, ना पहारेकरी! आणि मोटार बंद झाली की हाच व्हॉल्व्ह उलटं काम करतो. पाइपातलं पाणी उतरू लागलं, की तो बाहेरची हवा आत घेतो. तसं झालं नाही, तर रिकामा होणारा पाइप ठिबकच्या बारीक भोकांतून ओली माती आत ओढून घेईल आणि ती भोकं बुजतील.

विहिरीवरच्या पंपाचीही हीच गोष्ट. "मोटार हवा घेते" असं घरचे म्हणतात ना? पंपाचं चाक गरगर फिरून पाणी बाहेर फेकतं आणि त्यामुळं खालचं पाणी वर ओढलं जातं. पण पोटात हवा असली, तर चाक नुसतंच फिरतं. इतकी हलकी हवा फेकून पुरेशी ओढ तयारच होत नाही. म्हणून पंप चालू करण्याआधी त्यात पाणी भरून हवा काढतात. तसाच कोरडा पंप फिरत राहिला, तर त्याचं सील खराब होतं.

ट्रॅक्टरचं डिझेल पार संपलं, तर नुसतं डिझेल ओतून तो सुरू होत नाही, हेही तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मिस्त्री येतो, स्क्रू सैल करतो, हातपंप मारतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत फेसाळ डिझेल बाहेर जाऊ देतो. याला म्हणतात "एअर काढणं". डिझेल दाबलं जात नाही, पण हवा स्पंजासारखी दाबली जाते. पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच संपतो आणि इंजिनात डिझेल उडत नाही.

गंमत अशी, की आपल्या पूर्वजांना ही कटकट नव्हती. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता. त्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुन्या काळापासून फड पद्धतीचं पाणी चालत आलं आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटातून शेतांच्या फडांना पाळीपाळीनं पाणी. पाट उघडा असतो, त्यामुळं हवा कोंडणार कुठं? पण उघडा पाट टेकाडावर चढू शकत नाही. बंद पाइप चढू शकतो. चढायची ताकद हवी असेल, तर हवेला बाहेर जायची वाटही आपणच ठेवायला हवी.

करून पहा

हार्डवेअरच्या दुकानातून ५-६ मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणा. करंगळीपेक्षा बारीक असावी. एक रिकामा तेलाचा डबा आडवा करून त्याला नळीचे पाच-सहा वेढे घाला. वेढे उभे राहिले पाहिजेत. नळीचं एक टोक डब्याच्या वर वीतभर उंच धरा आणि त्यात नरसाळं लावून पाणी ओता. दुसरं टोक खाली बादलीत सोडा. थोडं पाणी आत जाईल आणि मग नरसाळं तुडुंब भरेल. खालच्या टोकातून पाणी काही येणार नाही! वेढ्यावेढ्यात अडकलेली हवा आता तुम्हांला डोळ्यांनी दिसेल. मग नळी सोडवून मोठ्या टोपात पूर्ण बुडवा, सगळे बुडबुडे जाऊ द्या, दोन्ही टोकं बोटांनी दाबून ती तशीच भरलेली ठेवा आणि पुन्हा वेढे घाला. नरसाळ्यात पाणी ओता, बोटं काढा. बघा कशी धार लागते!

पण तीन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. विहिरीवरच्या मोटारीला किंवा स्टार्टरला हात लावायचा नाही. फूटव्हॉल्व्ह बघायला म्हणून विहिरीत उतरायचं नाही. आणि तापलेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांपेक्षाही जास्त तापलेलं असू शकतं. झाकण निघताच त्याची एकदम वाफ होते आणि तोंड, हात भाजून निघतात. हवा मोठ्यांनी काढायची, तुम्ही लांबून बघायचं आणि का काढतात ते समजावून सांगायचं!

आई-बाबांसाठी दोन ओळी : पाणी येईनासं झालं, की नवा पाइप किंवा नवी मोटार घेण्याआधी मुलांना बरोबर घेऊन पाइपलाइनच्या कडेनं एकदा चालून पहा. सगळ्यांत उंच जागा कोणत्या, तिथं हवेला वाट आहे का, हे मुलांनाच शोधू द्या. कदाचित खर्च एका छोट्या कॉकवरच भागेल.

सांगा पाहू

गवंडीकाका दोन भिंती एका पातळीत आहेत का, हे बघायला पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी वापरतात. मोजण्याआधी ते नळीवर टिचक्या मारून आतले बुडबुडे घालवतात. मोठा बुडबुडा नळीच्या उभ्या भागात राहिला, तर दोन्ही टोकांच्या पाण्याच्या पातळीत फरक पडेल का? पडला, तर कोणत्या बाजूचं पाणी वर दिसेल? उत्तर कारणासह लिहून पाठवा. आणि हो, नळी घेऊन आधी स्वतः करून बघा!