काटा खोटे बोलू लागला की...

पंचकुलाहून सिमल्याला निघाले की पिंजोर, कालका मागे पडतात आणि परवाणूपासून खरा चढ सुरू होतो. कालका समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, तर सिमला २,२०० मीटरच्या आसपास. पंचकुलाजवळच चंडीमंदिर येथे लष्कराच्या वेस्टर्न कमांडचे मुख्यालय आहे. तेथे बदलीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही सुट्टी लागली की हाच रस्ता खुणावतो. मागच्या सीटवर मुले, मांडीवर खाण्याचे डबे आणि पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. अशा वेळी गाडी चार आचके देऊन नेमकी वळणावर बंद पडली तर? मागून ट्रक येत असतात, अंधार पडू लागलेला असतो आणि टाकी मात्र कोरडी ठणठणीत!

दोष बहुधा टाकीतल्या फ्लोटच्या युनिटमध्ये असतो. फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याची दांडी पातळीबरोबर वरखाली होते आणि दांडीला जोडलेला बारीक धातूचा संपर्क एका रोधपट्टीवर घासत सरकतो. विजेचा रोध बदलला की डॅशबोर्डवरचा काटा हलतो. घासून घासून ही पट्टी झिजते, नाहीतर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडतो. कधी इंधनच घात करते. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडा व आसपासच्या भागात जादा गंधक असलेल्या पेट्रोलने चांदीचे संपर्क खराब होऊन अनेक गाड्यांचे काटे बिघडले होते. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाचे प्रमाण फारच खाली आणले गेले आहे.

चढावर काटा थोडा इकडेतिकडे होणे हा मात्र बिघाड नव्हे. पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकते, एवढेच. सपाट जागी गाडी उभी करूनच काटा पाहावा.

गाडी घेऊन गृहिणी एकटी गॅरेजमध्ये गेली की "मॅडम, पूर्ण युनिट गेलंय" हे ठरलेले उत्तर मिळते. खिशाला हात घालण्यापूर्वी फ्यूज आणि अर्थिंगची वायर तपासायला सांगावे. मग युनिटचा प्लग काढून मल्टिमीटर लावावा. दांडी हलवताना रोध सलग बदलला तर युनिट ठीक आहे, मधेच तुटला तर पट्टी गेली. पुष्कळ नव्या गाड्यांत पेट्रोल पंप आणि फ्लोट एकाच मोड्यूलमध्ये असतात. नुसता फ्लोटचा भाग मिळतो का, हे विचारायला लाजू नये. खर्चात बराच फरक पडतो.

रविवारी घरीच हे काम उरकण्याचा यजमानांचा उत्साह मात्र आवरलेला बरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. बंद गॅरेजमध्ये टाकी उघडणे म्हणजे जिवाशी खेळ. जाणकार मेकॅनिक गाडी थंड झाल्यावर, उघड्या जागी, टाकीत थोडेच पेट्रोल असताना काम करतो, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढतो आणि इंधन नळीतला दाब आधी उतरवतो. सिगारेट ओढत हे काम करणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी, मग तो कितीही जुना ओळखीचा असो. काही गाड्यांत मागच्या सीटखालच्या झाकणातून युनिट निघते, काहींत टाकीच उतरवावी लागते. उघडण्यापूर्वी धूळ पुसायला हवी, नाहीतर ती टाकीत पडते. नवी दांडी बसवताना वाकली, तर नवा काटाही खोटेच बोलेल. रबरी रिंग नवीनच घालावी. जुनी गळली तर गाडीत पेट्रोलचा वास भरतो. काम झाल्यावर मोजून काही लिटर पेट्रोल भरून काटा तेवढाच चढतो का, ते पाहूनच पैसे द्यावेत.

दुरुस्ती होईपर्यंत टाकी भरताना ट्रिप मीटर शून्यावर आणावा आणि किलोमीटरवरून हिशेब ठेवावा. टाकी तळाला जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. घाटात सपाटीवरचे ॲव्हरेज धरू नये. सिमल्याला जायचे असेल, तर टाकी कालक्यापर्यंतच भरून घ्यावी.