प्रीमियम कोणत्या खुर्चीला हवे?

पेढीचा खर्च दोन प्रकारचा असतो. हमाली, तोलाई, गाडीभाडे, बारदान हा खर्च डोळ्यांसमोर होतो आणि त्याची घासाघीसही होते. दुसरा खर्च ठरल्या तारखेला बँकेच्या खात्यातून आपोआप वजा होतो आणि वर्षअखेरीस हिशेब पाहतानाच ध्यानात येतो. कार्यालयीन सॉफ्टवेअरची वर्गणी या दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून ती घेण्यापूर्वीच तिचा विचार नीट व्हायला हवा.

एकेकाळी ही खरेदी सोपी होती. संगणकाबरोबर ऑफिसची प्रत घ्यावी आणि संगणक चालेल तोवर वापरावी, एवढाच व्यवहार असे. २०११ साली मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस ३६५' या नावाने वर्गणीची पद्धत बाजारात आणली. आज ती 'मायक्रोसॉफ्ट ३६५' म्हणून ओळखली जाते. एकरकमी विकत मिळणारी प्रत अजूनही आहे, परंतु ती एकाच संगणकापुरती असते आणि पुढची आवृत्ती तिच्यात मिळत नाही. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यामुळे जुन्या प्रतीवर निर्धास्त असलेल्या अनेक दुकानांपुढे हा प्रश्न आता उभा आहे.

उदाहरणादाखल सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. वडील आणि मुलगा हे दोघे भागीदार, एक दिवाणजी, परपेठेत फिरणारे दोन विक्री प्रतिनिधी, पत्रव्यवहार सांभाळणारा एक कारकून, आवक-जावक नोंदवणारे तिघे आणि एक मुकादम, अशी दहा माणसे. विक्रेत्याने दहाही जणांसाठी 'बिझनेस प्रीमियम'चे दरपत्रक ठेवले आहे. मुलगा म्हणतो, "अण्णा, एकदाच काय ते चांगलं घेऊन टाकू या." अण्णा विचारतात, "अरे, पत्र लिहायला आणि पट्टी छापायला एवढे पैसे कशाला?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दहा जणांना एकच माप लावून दोघेही चुकत आहेत.

प्रथम योजनांमधला फरक समजून घ्यावा. लहान व्यवसायांसाठीच्या या योजना ३०० वापरकर्त्यांपर्यंत घेता येतात. 'बेसिक'मध्ये स्वतःच्या नावाचा ईमेल, माणशी १ टीबी साठवण आणि ब्राउझरवर तसेच मोबाईलवर चालणारे वर्ड व एक्सेल मिळतात. 'स्टँडर्ड'मध्ये हेच सारे संगणकावर बसवता येते आणि इंटरनेट नसतानाही काम चालते. 'प्रीमियम'मधले वर्ड आणि एक्सेल मात्र 'स्टँडर्ड'मधल्यासारखेच असतात. त्यांत पत्र अधिक सुबक होत नाही की बेरीज अधिक अचूक होत नाही. जास्तीची रक्कम जाते ती मुख्यतः संरक्षणासाठी: फसव्या ईमेलमधील दुवे तपासणारी यंत्रणा, संगणकावरील हल्ले ओळखणारी व्यवस्था, आणि हरवलेल्या फोनमधून घरचे फोटो तसेच ठेवून केवळ पेढीचा मजकूर दुरून पुसण्याची सोय. 'गूगल वर्कस्पेस'च्या चढत्या योजनांतही वरच्या पायरीवर साठवण आणि देखरेख वाढत जाते.

हा फरक कळला की प्रश्नाचे रूप बदलते. 'पेढीला प्रीमियम परवडेल का?' याऐवजी 'कोणाच्या हातून काय निसटले तर पेढीचे नुकसान होईल?' असे विचारावे लागते. परपेठेत फिरणाऱ्या प्रतिनिधीच्या फोनमध्ये ग्राहकांची यादी, भाव आणि उधारीचे आकडे असतात. फोन रेल्वेत राहिला, किंवा माणूस नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर ते सारे त्याच्याबरोबर जाते. दिवाणजींचा संगणक दुकानातच असतो, पण पैसे त्यांच्या हातून सुटतात. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम नव्या खात्यावर पाठवावी' असे ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने येणारे बनावट ईमेल त्यांच्याकडेच येतात. दोघे भागीदार, दिवाणजी आणि दोन प्रतिनिधी, अशा पाच खुर्च्यांना प्रीमियमचे कारण आहे.

उरलेल्या पाचांना तसे कारण नाही. पत्रव्यवहार पाहणाऱ्या कारकुनाला संगणकावर बसवलेले वर्ड लागते. त्याला 'स्टँडर्ड' पुरे. आवक-जावक नोंदवणाऱ्या तिघांना ब्राउझरमधील एक्सेल चालते. त्यांना 'बेसिक' पुरे. मुकादमाला फोन आणि वही याखेरीज काही लागत नाही. त्याच्या नावे परवाना घेऊच नये. एकाच पेढीत निरनिराळ्या योजना शेजारी शेजारी चालू शकतात, ही गोष्ट दरपत्रकात सहसा ठळक छापलेली नसते.

आता गणित मांडावे. भाव बदलत असल्याने चालू दर विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. येथे केवळ सोयीसाठी माणशी दरमहा १५०, ८०० आणि १,८०० रुपये असे तीन दर धरू. दहाही खुर्च्या प्रीमियम घेतल्यास महिन्याला १८,००० आणि वर्षाला २,१६,००० रुपये होतात. खुर्ची पाहून घेतल्यास पाच प्रीमियमचे ९,०००, एका स्टँडर्डचे ८००, तीन बेसिकचे ४५०, असे महिन्याला १०,२५० आणि वर्षाला १,२३,००० रुपये. वर्षाकाठी ९३,००० रुपयांचा फरक पडतो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते; कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मिळत नाही, म्हणून त्याने कर धरूनच तुलना करावी.

काही गोष्टींना जादा पैसे लागतच नाहीत. मोबाईलवरील संमतीने होणारी दुहेरी पडताळणी 'बेसिक'मध्येही चालू करता येते, आणि चोरलेल्या पासवर्डाविरुद्ध तिच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. 'ऑर्डर', 'हिशेब' अशा नावांचे सामाईक ईमेलपत्ते प्रत्येकी वेगळा परवाना न घेता तयार करता येतात. सोडून गेलेल्या माणसाची टपालपेटीही सामाईक करून ठेवता येते. मात्र ती वेळेवर करावी, कारण वापरकर्त्याचे नाव काढून टाकल्यावर ती ३० दिवसांपर्यंतच परत मिळवता येते. ज्या दुकानात खाते टॅलीत लिहिले जाते आणि उरलेले काम चार पत्रांपुरते आहे, तेथे विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिसही भागवू शकते. चोरीची प्रत हा मात्र पर्याय नव्हे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा कारावास आणि दंड यांस पात्र गुन्हा आहे, आणि तिच्याबरोबर घुसणारे विषाणू वेगळेच.

पेढीच्या जुन्या फाइलींची परीक्षा आधी घ्यावी. दिवाणजींच्या एक्सेलमध्ये मॅक्रो असतील तर ते ब्राउझरमध्ये चालत नाहीत आणि लिब्रेऑफिसमध्ये सगळेच चालतील असे नाही. जुनी मराठी पत्रे युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली असतील, तर तो टंक नसलेल्या संगणकावर त्यांतील अक्षरे निरर्थक दिसतात. नेहमीच्या दहा फाइली महिनाभराच्या चाचणी योजनेत उघडून पाहाव्यात. दरपत्रकातून न कळणाऱ्या अडचणी त्यातून कळतात.

करारातही लक्ष घालावे. वर्षाचा करार स्वस्त पडतो, पण खरेदीनंतरचे पहिले काही दिवस उलटले की मुदत संपेपर्यंत खुर्च्या कमी करता येत नाहीत. वाढवता मात्र केव्हाही येतात. म्हणून हंगामापुरत्या घेतलेल्या माणसांसाठी महागडा मासिक करारच एकंदरीत स्वस्त ठरू शकतो. मुख्य ॲडमिन खाते आणि संकेतनाव पेढीच्या मालकाच्या नावे असावे. ते संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या नावे राहिले, तर उद्या त्याच्याशी बिनसल्यास पेढीचा ईमेलच त्याच्या हाती जातो. प्रीमियमचे संरक्षण पैसे भरल्याबरोबर आपोआप सुरू होत नाही. प्रत्येक फोन आणि संगणक त्यात नोंदवावा लागतो. ते काम कोण करणार आणि त्याचे किती घेणार, हे ठरल्याशिवाय प्रीमियम घेणे म्हणजे कुलूप आणून कपाटात ठेवणे होय.

शेवटची गोष्ट जतनाची. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. वनड्राइव्हमधून खोडलेली फाइल मात्र साधारण ९३ दिवसांनी कायमची जाते. वर्गणी थकली तर प्रथम नवे लिहिणे बंद होते आणि पुढे ठरावीक मुदतीनंतर साठवलेला मजकूरही पुसला जातो. हा ७२ महिन्यांचा भार कोणतीही योजना आपोआप उचलत नाही. महिन्यातून एकदा सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुकानाबाहेर, घरच्या कपाटात ठेवण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्यावे.

नूतनीकरणाच्या एक महिना आधीची तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. त्या दिवशी अण्णांनी आणि मुलाने नावांची यादी समोर घेऊन बसावे: कोण सोडून गेले, कोणाचे काम बदलले, कोणी वर्षभरात काहीच उघडले नाही. आवश्यक तेथे संरक्षण वाढवावे, अनावश्यक तेथे नाव खोडावे, आणि मगच बँकेतून रक्कम जाऊ द्यावी.