घर चाकांवर, चाके जागेवर

चाकांवरचे घर हे मूलतः गरजा कमी करण्याचे साधन होते. १९५० मध्ये जर्मनीत फोक्सवॅगनची लहान व्हॅन बाजारात आली आणि पुढल्याच वर्षी वेस्टफालिया कारखान्याने तिच्यात ठेवण्याजोगी, बिछाना आणि कपाट सामावणारी एक पेटी तयार केली. आठवडाभर गाडीने माल वाहावा आणि सुट्टीला पेटी आत ठेवताच तिचे घर व्हावे, एवढीच त्यामागची कल्पना. इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे. पण तेवढ्या बळावर अनेक कुटुंबांनी प्रवास केला.

आज युरोप-अमेरिकेतील अशा घरांच्या मालकांना एका विचित्र व्याधीने ग्रासले आहे. त्यांची गाडी कधी पूर्णच होत नाही. फ्रिज बसविला की दुसरी बॅटरी हवी. ती भारित करण्यासाठी छपरावर सौरपट्ट्या हव्यात. एवढी वीज आहे, तर विजेची शेगडी का नको? शेगडी आली की बॅटरी अपुरी पडते आणि थोरली बॅटरी आली की गाडी मागून दबते, म्हणून स्प्रिंगा बदलाव्या लागतात. फ्रेंच विचारवंत दिदेरो याने १७६९ मध्ये हेच दुखणे वर्णिले होते. नवा झगा अंगावर येताच त्याला घरातील जुने सामान विशोभित वाटू लागले आणि एकेक वस्तू बदलता बदलता तो नव्या वैभवाचा दास झाला.

ज्याची त्याची हौस, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. स्वतःच्या हातांनी काही घडविण्यात निर्भेळ आनंद असतो, हे मान्य. परंतु शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो भरते आणि ब्रेक, टायर व आस यांना मालकाची हौस समजत नाही. भार वाढला की गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते. त्याची किंमत रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते. युरोपात सर्वसाधारण मोटारपरवान्याची मर्यादा ३५०० किलोंची. अशा वाहनांसाठी ती काही अटींवर ४२५० किलोंपर्यंत नेण्यास युरोपीय संघाने २०२५ मध्ये मान्यता दिली. मर्यादा वाढली म्हणून हाव थांबेल, असे मात्र मानण्याचे कारण नाही. मोकळी जागा दिसली की ती भरून काढणे हाच हावेचा स्वभाव.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असल्याने हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कसोशीने पाळण्यास बजावले आहे. तथापि, कायदा फार तर गाडीला आवर घालील. मनाला आवर ज्याचा त्यानेच घालावयाचा आहे.

त्यासाठी एक साधा दंडक पुरेसा आहे. ज्या वस्तूची उणीव प्रत्यक्ष प्रवासात दोनदा भासली, तीच गाडीत यावी. आणि जी दोन प्रवासांत हातीही धरली गेली नाही, ती खाली उतरावी. दाराशी उभ्या गाडीत सुचलेल्या गरजा बहुधा गरजा नसतातच. निघणे पुढे ढकलण्याची ती सबब असते. सज्जता पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्याचा मुक्काम घरीच पडतो आणि सुट्टी मात्र सरून जाते.