आधी ओढा, मग प्लॉट

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने शिरूर तालुक्यात आणि कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांनी दौंड तालुक्यात दूरदूरचे कामगार आणले. त्यांनी राहावे कोठे, हा प्रश्न मात्र बव्हंशी प्लॉटच्या दलालांवर सोपविण्यात आला. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर जमीन. एवढ्या तुकड्यासाठी कंत्राटी कामगार आयुष्याची पुंजी मोजतो आणि त्याच्या पदरी पडते ती बोळाएवढ्या रस्त्याची वस्ती. ओढा बुजलेला, बांधावरचे लिंब तोडलेले.

निसर्गाची चिंता हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे आपल्यातील काही साथी अजूनही मानतात. आम्हास ते मान्य नाही. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली कोण भाजतो? ओढा बुजला की पावसाचे पाणी कोणाच्या उंबऱ्यात शिरते? बंगल्याला स्वतःची बाग असते. सावलीसाठी सार्वजनिक झाडावाचून गती नाही ती कामगाराच्या घराला.

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. गुंठेवारी मुळात मंजुरीवाचूनच होते. तिला ही अट शिवतच नाही. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना खुली केली. घरे वाचली, हे योग्यच झाले. परंतु नियमिततेच्या दाखल्याने बुजलेला ओढा वाहू लागत नाही.

याच शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तेथील चिंचा गावाने राखल्या, म्हणून मोर अंगणापर्यंत येतात. शहरात मोर नाचवा, असे आमचे म्हणणे नाही! मागणी एवढीच, की वाढत्या गावाच्या नकाशावर प्रथम ओढे, विहिरी व जुनी झाडे दाखवावीत. ओढ्याचे दोन्ही काठ सार्वजनिक ठेवून तेथे करंज, उंबर लावावेत. रस्ते व प्लॉट त्यानंतर आखावेत. जुन्या गुंठेवारीत मोकळ्या जागेसाठी जमीन सरकारनेच संपादन करावी, तिचा भार रहिवाशांवर टाकू नये.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हा जमीनमालक हजर असतात आणि भाडेकरू कामगार पाळीवर असतो. म्हणून शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढावी, आपल्या वस्तीतला बुजलेला ओढा तीवर शोधावा आणि रहिवाशांना सोबत घेऊन नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांसमोर ती ठेवावी.