साथीच्या काळातील साथ

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने ३० जून २०२५ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर सहा माणसांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि एकाकीपणाशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहे, असा या अहवालाचा अंदाज आहे. आयोगाच्या दोन सहअध्यक्षांपैकी एक होते डॉ. विवेक मूर्ती. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात मूळ असलेल्या कुटुंबातील हे डॉक्टर दोन वेळा अमेरिकेचे सर्जन जनरल झाले. एकाकीपणाविषयीचे त्यांचे ‘टुगेदर’ हे पुस्तक एप्रिल २०२० मध्ये बाहेर पडले, तेव्हा कोविडच्या भीतीने जग दारे लावून बसले होते. मे २०२३ मध्ये त्यांनी आपल्या देशवासीयांना दिलेल्या इशाऱ्यात, माणसांपासून तुटून राहण्याची हानी दिवसाला पंधरा सिगारेटी ओढण्याइतकी असू शकते, असे म्हटले. त्याच आठवड्यात, ५ मे २०२३ रोजी, कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले.

मराठीत ‘साथ’ हा शब्द मोठा बोलका आहे. रोगाची साथ येते आणि माणूस माणसाला साथ देतो. एका डॉक्टराने सातासमुद्रापार मांडलेला हा विचार आपल्या पुणे शहराने सव्वाशे वर्षांत दोनदा अनुभवला आहे. रोगाची साथ आली असता माणसाची साथ कितपत टिकली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. कारण पुढील साथीची तयारी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले दोन कोविड रुग्ण पुण्यात आढळले. महापालिकेच्या डॉ. नायडू सांसर्गिक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि गुढीपाडव्याच्या दिवशी ते बरे होऊन घरी परतले. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवसांत ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला आणि वृत्तपत्रांनी त्याचे ‘सामाजिक अंतर’ असे भाषांतर केले. जागतिक आरोग्य संघटनेने २० मार्च २०२० रोजीच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरण्यास सुरुवात केली होती, कारण शरीरे दूर ठेवावयाची होती, मने नव्हे. आपल्याकडे मात्र जुनाच शब्द रूढ राहिला. ज्या शहरात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सामाजिक अंतर मिटविण्यासाठी आयुष्य वेचले, त्या शहराला हा शब्द खटकावयास हवा होता. रुग्णसेवा करून परतणाऱ्या परिचारिकांना घर सोडण्यास सांगितल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून आल्या. विटाळाची जुनी सवय नव्या नावाने परत आली, असेच म्हणावे लागेल.

शिवाय हे अंतर पाळणे सर्वांच्या आवाक्यात नव्हते. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आयसर आदी संस्थांनी शहराच्या पाच प्रभागांतील १,६६४ व्यक्तींचे रक्त तपासले. निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५१.५ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. लोहियानगर-कासेवाडी या दाट वस्तीच्या प्रभागात हे प्रमाण ६५ टक्क्यांवर होते. ज्यांच्या घरात स्वतंत्र शौचालय होते त्यांच्यात ते सुमारे ४५ टक्के, तर सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत सुमारे ६२ टक्के होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर त्यांना सहा फुटांचे अंतर कोणी शिकवावे? साथीचा विषाणू श्रीमंत-गरीब पाहत नाही, असे आपण म्हणतो; परंतु त्याच्या वाटेतील दारे मात्र सारखी नसतात.

आता थोडे मागे वळून पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टराने गाठीच्या प्लेगचे निदान केले. हडफडे येथे १८५६ साली जन्मलेले हे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. निदान करून ते थांबले नाहीत. गलिच्छ वस्त्यांची स्वच्छता आणि उंदरांचा नायनाट यांसाठी त्यांनी आवाज उठविला, लस उपलब्ध झाल्यावर स्वतः हजारो लोकांना ती टोचली आणि पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. रोग्याच्या खाटेपाशी बसणारा डॉक्टरच वस्तीच्या गटाराविषयी अधिकारवाणीने बोलू शकतो, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

प्लेग पुण्यात पोहोचला तेव्हा शहराने दोन मार्ग पाहिले. पहिला मार्ग सरकारचा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी गोरे सैनिक पाठविले. रोग्यांना शोधणे आणि वेगळे करणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकच होते. पण देवघरात आणि माजघरात बुटांनिशी शिरलेल्या सैनिकांनी लोकांचा विश्वास घालविला. घरोघरी रुग्ण लपविले जाऊ लागले आणि रोगाला आयतेच अभय मिळाले. पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निर्भीडपणे मांडला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. हिंसेचे समर्थन आपण करणार नाही. परंतु आरोग्यव्यवस्थेने माणसाचा मान राखला नाही तर ती आपलाच हेतू हरविते, हा त्या वर्षाचा धडा आहे.

दुसरा मार्ग एका डॉक्टराचा आणि त्याच्या आईचा. फुले दाम्पत्याचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. तोही वस्तीपासून दूरच होता. म्हणजे विलगीकरण तेथेही होते. मात्र रुग्णाला तेथे कोणी फरफटत नेत नसे. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. दोन्ही मार्गांवर रुग्णाला समाजापासून वेगळेच केले जात होते. पहिल्या मार्गावर तो संशयित ठरला, दुसऱ्या मार्गावर तो कोणाचा तरी मुलगा राहिला.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला. या वेळी झडती घेणारे सैनिक नव्हते; आशा सेविका, परिचारिका आणि महापालिकेचे कर्मचारी जिवावर उदार होऊन दारोदार फिरले. तरीही भीतीने आपले काम केलेच. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोविडने मरण पावलेल्या एका ख्रिस्ती मेंदुशल्यविशारदाच्या दफनाला जमावाने हिंसक विरोध केला. त्यांच्या कुटुंबियांना दफन न करताच पळून जावे लागले आणि अखेर त्यांच्या एका सहकारी डॉक्टराने रात्री स्वतःच्या हातांनी त्यांना माती दिली. मुंबईत वांद्रे येथील दफनभूमीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा मे २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की मृतदेहापासून संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा राज्यघटनेने दिलेल्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे.

ख्रिस्तसभेच्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला असता संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चर्चमध्ये गर्दी होऊ दिली नाही. त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांतून पवित्र मिस्सात भाग घेतला. आपल्या काळात परमपूज्य पोप फ्रान्सिस २७ मार्च २०२० रोजी पावसात भिजणाऱ्या निर्मनुष्य संत पेत्र चौकात एकटे उभे राहिले आणि साऱ्या जगासाठी त्यांनी आशीर्वाद मागितला. त्यापूर्वी एक आठवडा आधी व्हॅटिकनने कोविडग्रस्तांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना पूर्ण दंडमुक्तीची कृपा जाहीर केली होती. गंभीर कारण असल्यास धर्मगुरूने एखाद्या साधनाने रुग्णाला पवित्र तेल लावावे, अशी मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कॅनन १००० मध्ये आधीपासून आहे. अंतर आणि जवळीक या दोहोंचा मेळ घालण्याची तरतूद आपल्या घरातच होती.

या मेळाचे मूळ शुभवर्तमानात आहे. संत मार्कच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करतो आणि बरे केल्यावर त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखविण्यास सांगतो. त्या काळी याजक हाच एका अर्थी आरोग्य अधिकारी होता. प्रभूने समाजाच्या संरक्षणाचा नियम मोडीत काढला नाही. पण नियमाच्या आड लपून माणसाला टाळलेही नाही. आधी स्पर्श झाला आणि मग त्या माणसाला समाजात परत येण्याची वाट नियमातूनच मिळाली.

यातून आपल्या धर्मग्रामांनी काय घ्यावे? साथ आल्यावर विश्वास निर्माण करता येत नाही. तो आधीच्या शांत वर्षांत जमवावा लागतो. मुले परदेशी असलेले किती वृद्ध आपल्या धर्मग्रामात एकटे राहतात, याची यादी लहान ख्रिस्ती समूहांकडे असावी आणि प्रत्येक दारामागे ठरलेला एक माणूस असावा. रुग्णालयात गेलेल्याला निदान दूरध्वनीवरून प्रार्थना ऐकविण्याची व्यवस्था असावी. आपल्या समाजातील डॉक्टर आणि परिचारिकांना वर्षातून एकदा, ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्ण दिनी, सत्कारापेक्षा त्यांचे अनुभव ऐकण्यासाठी बोलवावे. दफनभूमी समितीने साथीच्या काळातील अंत्यविधीची पद्धत आजच लिहून ठेवावी, म्हणजे भीतीच्या घटकेला वाद होणार नाही. आणि वस्तीतील पाणी, शौचालये व घरे यांच्यासाठी महापालिकेकडे होणाऱ्या मागणीत आपलाही आवाज असावा, कारण शेजाऱ्यावरील प्रेमाला गटाराचा आणि नळाचाही विचार करावा लागतो.

प्रिय वाचकहो, पुढील साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती आली की अंतर ठेवावेच लागेल आणि ते आपण शिस्तीने ठेवू. पण त्या अंतराच्या पलीकडे असलेल्या माणसाला आपण सोडलेले नाही, हे त्याला माहीत असले पाहिजे. ते त्याला आजपासूनच कळू द्या.